समारंभ एक्लाने पार पडला

आमच्या कचेरीत कुठलाही इंग्रजी शब्द परस्पर कागदावर जाऊ शकत नसे. त्याला आधी भाऊसाहेबांच्या टेबलापाशी थांबावं लागे. तिथे त्याने आपलं गाव, कूळ, आईबाप सांगायचे, आणि भाऊसाहेबांची खात्री पटली तरच त्याला पुढे सोडलं जाई. "कूळ विचारल्याशिवाय मुलगी देऊ नये आणि मूळ विचारल्याशिवाय शब्द वापरू नये," असं ते म्हणत. त्यांना मुलगी नव्हती, त्यामुळे पहिला नियम पाळण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. दुसरा मात्र त्यांनी सबंध नोकरीभर पाळला आणि त्यापायी जेवढ्यांची अडचण करता येईल तेवढ्यांची केली.

तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावची ही कचेरी. नंदुरबार तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. आमचं सरकार धुळ्याला बसे आणि तिथून टपालाने येई. मी बदली होऊन तिथे गेलो तेव्हा दोन मुलांचा बाप होतो. कचेरीत सगळ्यांत वर मामलेदार, म्हणजे रावसाहेब. त्यांच्या खालोखाल अव्वल कारकून, म्हणजे भाऊसाहेब. त्यांच्या खाली आम्ही चार कारकून, आणि आमच्या खाली उखा शिपाई, जो स्वतःला आमच्या वर समजे.

भाऊसाहेब अंगाने काडी. वैशाखातसुद्धा काळा कोट गळ्यापर्यंत बंद, पण टेबलाखाली पाय अनवाणी. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिच्या जागी सुतळी. टेबलाच्या उजव्या खणात लाल खारव्यात बांधलेला एक इंग्रजी कोश असे. बदलून गेलेल्या कुणा गोऱ्या इंजिनिअरच्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा लोकांनी पलंग घेतले, कंदील घेतले. भाऊसाहेबांनी हा कोश घेतला. तो उघडण्याआधी ते माठावर जाऊन हात धूत. पाणी भरणं उखाकडे, त्यामुळे उखाचा इंग्रजी भाषेवर भारी राग.

"एक शब्द ना मांगे दोन तांब्या पानी," तो म्हणे. "हाई इंग्रजी शे का म्हैस शे?"

भाऊसाहेब घरी अहिराणी बोलत, फायलीत मराठी आणि सरकारशी इंग्रजी. इंग्रजी ते हात जोडून बोलत, मराठी हात बांधून. राग आला की हात सोडून पुन्हा अहिराणी.

एकदा म्हसावदचा एक शेतकरी कडब्याची गंजी जळाल्याचा अर्ज घेऊन आला. धुळ्याला पाठवायच्या इंग्रजी गोषवाऱ्यात मी 'डिझॅस्टर' लिहिलं होतं. भाऊसाहेबांनी हात धुतले, कोश पाहिला, आणि त्या शेतकऱ्यालाच समोर बसवून समजावलं, की या शब्दाच्या पोटात तारा आहे. ग्रह फिरले, तारा वाकडा गेला, म्हणून डिझॅस्टर. तो बिचारा सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "तारा नही भाऊसाहेब, मन्हा भाऊबंद शे. बिडी तेनीच फेकी." भाऊसाहेबांनी 'डिझॅस्टर' खोडून 'फायर' लिहिलं. खरी गोष्ट समोर आली की ते शब्दाचा हट्ट धरत नसत. अडचण एवढीच, की खरी गोष्ट फार वेळा समोर येत नसे.

मी यायच्या आधीची एक हकिगत मला उखाने सांगितली. सरकारी पत्राच्या शेवटी 'युवर मोस्ट ओबीडिअंट सर्व्हंट' लिहायची रीत होती. भाऊसाहेबांनी त्यातला 'मोस्ट' गाळायला सुरुवात केली. तेव्हाच्या रावसाहेबांनी कारण विचारलं.

"ओबीडिअंटचं मूळ 'ऐकणं' असं आहे," भाऊसाहेब म्हणाले. "मी साहेबांचं ऐकतो. पण साहेबांचं सगळ्यांत जास्त ऐकणारा या कचेरीत मी नाही. तो मान आपला. तो मी कसा घेऊ?"

महिन्याभरात त्यांना अक्कलकुव्याला पाठवण्यात आलं. दोन वर्षांनी ते हिवताप घेऊन परत आले, आणि हिवतापाबरोबर भिली बोलीतले शे-दीडशे शब्द. त्यांचं मूळ कुठल्याच कोशात सापडत नाही म्हणून ते काही दिवस फार अस्वस्थ होते.

शब्दाचं मूळ सांगून त्यांनी कुणाचं भलं केलं असेल तर ते जिनवाल्या शेठचं, आणि तेही चुकून. या शेठचे आजोबा मारवाडातून आलेले. तिसऱ्या पिढीत गावातली कापसाची जिन, दोन दुकानं आणि बऱ्याच लोकांची मतं त्यांच्याकडे होती. लोकल बोर्डाच्या निवडणुकीला उभं राहायचा अर्ज भरायला ते भाऊसाहेबांकडे आले. अर्जावर 'कॅन्डिडेट' शब्द होता. भाऊसाहेबांनी विचारलं, "शेठ, याचा अर्थ माहीत आहे?"

"उमेदवार. आनखी काय?"

"तो झाला वरचा अर्थ. मूळ अर्थ पांढरा. रोमचे लोक निवडणुकीला उभे राहायचे तेव्हा झगा खडूने पांढराशुभ्र करून गावातून फिरायचे. कॅन्डिडेट म्हणजे शुभ्रवस्त्र."

शेठने ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते रोजची केशरी पगडी घरी ठेवून पांढरं पागोटं बांधून बाजारातून फिरले. रोमच्या लोकांनी खूश व्हावं असं ते दिसत होते. पण मारवाडी घरात बाप गेला की मुलगा पांढरं पागोटं बांधतो. दुपारपर्यंत शेठच्या ओट्यावर शेजारचे दुकानदार माना खाली घालून येऊन बसले. नंदुरबारला कुणीतरी निरोप पोचवला, तिथून दोन बैलगाड्या भरून नातलग आले आणि बायका वेशीपासूनच रडायला लागल्या. रडणं ऐकून शेठचे ऐंशी वर्षांचे वडील जेवता जेवता हात तसाच धरून बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, "कोण गेलं?"

शेठ दणदणीत मतांनी निवडून आले. लोकांनी दुःखात मतं दिली की दुःख खोटं निघाल्याच्या आनंदात, हे कधी ठरलं नाही. शेठ मात्र ते यश भाऊसाहेबांच्या खात्यावर टाकत. त्यांचे वडील तेवढे मरेपर्यंत भाऊसाहेबांशी बोलले नाहीत.

हे शेठ पुढच्या गोष्टीत पुन्हा येतात म्हणून एवढं सांगितलं.

त्या वर्षी आमच्या तालुक्यात शेतकी आणि गुरांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. कलेक्टरसाहेब स्वतः येणार होते. रावसाहेबांच्या डोळ्यांपुढे डेप्युटी कलेक्टरची खुर्ची दिसायला लागली होती आणि तिची वाट प्रदर्शनाच्या मैदानातून जाते अशी त्यांची खात्री होती. व्यासपीठ उभारायचं काम धुडकू सुताराकडे आलं. धुडकू गाडीची चाकं बनवणारा माणूस. त्याचं चाक तापीच्या वाळूत रुतेल, पण मोडणार नाही, असं लोक म्हणत. लाकूड देण्याचं शेठने कबूल केलं होतं. लाकूड आलं ते धुडकूने पाहिलं आणि तो तसाच कचेरीत आला.

मी भाऊसाहेबांच्या शेजारच्या टेबलाशी होतो. त्यांचे हात नुकते धुऊन झाले होते, कोश उघडा होता, आणि 'एक्झिबिशन' या शब्दाच्या आजोबांपर्यंत ते पोचत आले होते.

"भाऊसाहेब," धुडकू म्हणाला, "शेठनी साग धाडाले सांगं व्हतं. आनं धाडात जिनना खोक्यास्न्या फया. यंत्रं येतस ना विलायतथीन, त्या खोक्यास्न्या. तीन पावसाया त्या भायेर पडेल शेतस. सात मानसे बसतीन. जास्ती बसनात ते मी जबाबदार नही."

सागाऐवजी आलेल्या कुजक्या फळ्यांचं ऐकून भाऊसाहेबांनी बोट ओळीवर ठेवून वर पाहिलं. "तोंडी तक्रार कचेरी घेत नाही. लिहून आण."

"माले लिखता येस नही."

"मग कुणाकडून तरी लिहून घे."

त्याने एकदा माझ्याकडेही पाहिलं. माझ्यासमोर कोरा कागद होता, हातात टाक होता, आणि मी टाकाचं टोक पुसत बसलो. तो गेला. भाऊसाहेबांचं बोट पुढच्या ओळीवर सरकलं.

व्यासपीठ उभं राहिलं. खालून पांढरं कापड, वरून जाजम. सात खुर्च्या. कलेक्टरसाहेब आले, पहिल्या आलेल्या बैलाच्या पाठीवर त्यांनी हात फिरवला, कपाशीचं बोंड हातात धरून 'व्हेरी गुड' म्हटलं. सहा जणांसह त्यांचा फोटो निघाला आणि जेवणाच्या आधीच त्यांची मोटार अक्कलकुव्याच्या कॅम्पाकडे निघाली. इथवर सगळं छान झालं.

पण सातांत ज्यांना जागा मिळाली नव्हती असे गावोगावचे पाटील, दुकानदार, लोकल बोर्डाचे सभासद खाली उन्हात बसून होते, आणि त्यांचे चेहरे रावसाहेबांना बघवेनात. त्यांनी धुळ्याहून आलेल्या फोटोग्राफरला थांबवून घेतलं आणि सगळ्यांचा दुसरा फोटो काढायचा हुकूम दिला. एकोणीस जण वर चढले. पुढे खुर्च्या वाढवून नऊ, मागे उभे दहा. जिनवाले शेठ मधोमध. धुडकू खाली उभा राहून हात हलवत होता; सगळ्यांना वाटलं तो हसायला सांगतोय.

फोटोग्राफरने काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाला, "मागची रांग जरा पुढे सरका."

मागची रांग पुढे सरकली.

आवाज असा झाला, की प्रदर्शनातले बैल दावी तोडून निघाले. एकोणीसपैकी अठरा जण जाजमासकट खाली गेले. रावसाहेब कडेच्या खांबाला हात लावून उभे होते, ते खांबासकट वर राहिले. धूळ बसल्यावर पाहतो तर फळ्यांच्या ढलप्या चहूकडे उडालेल्या. एका पाटलाच्या मांडीत एवढी मोठी काडी घुसलेली. शेठची कंबर लचकलेली. जिवाला धोका कुणालाच नव्हता, पण अब्रूची हाडं बऱ्याच जणांची मोडली होती.

शेठने झोपल्या जागेवरून सांगितलं, "मी साग दिला होता. सुताराने तो विकून खोकी ठोकली."

असं काही झालेलं नाही हे शेठच्या जिनमधल्या हमालांना माहीत होतं, धुडकूला माहीत होतं, भाऊसाहेबांना आणि मला माहीत होतं. म्हणजे ज्यांचं म्हणणं रावसाहेब ऐकणार नाहीत त्या सगळ्यांना माहीत होतं. धुडकूला आणून कचेरीमागच्या कोठडीत बसवलं. त्याची हत्यारांची पेटी पुरावा म्हणून जप्त झाली आणि भाऊसाहेबांच्या टेबलाखाली ठेवली गेली, त्यांच्या अनवाण्या पायांशेजारी. धुडकूची बायको कचेरीच्या पायरीवर येऊन बसली. ती रडत नव्हती, काही मागत नव्हती. कुणी आलं की पदर आवरून वाट देई आणि पुन्हा बसे. माठावर जायला भाऊसाहेबांना दिवसातून चार वेळा तिच्या शेजारून जावं लागे. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माठावर जायचं बंद केलं.

रावसाहेबांनी त्यांना आत बोलावलं. मी फायली घेऊन मागे होतो.

"दोन कागद करायचे," रावसाहेब म्हणाले. "एक, प्रदर्शनाचा इंग्रजी अहवाल. तातडीने धुळ्याला. शेवटचं वाक्य मी सांगतो ते घाला: द फंक्शन पास्ड ऑफ विथ ग्रेट एक्लाट."

"एक्लाट?"

"दप्तरातला कुठलाही जुना अहवाल काढून पाहा. सगळे एक्लाटनेच संपतात. दुसरा कागद सुतारावर फौजदारीचा. लाकडाचा अपहार आणि निष्काळजीपणा."

"शब्द तपासून घालतो," भाऊसाहेब म्हणाले.

"शब्द तपासायचा नाही, घालायचा!"

बाहेर येऊन भाऊसाहेब टेबलाशी बसले. मग माझ्याकडे न बघता अहिराणीत म्हणाले, "तो मन्हाकडे येल व्हता. मी तेले लिखी आन म्हन्तं." मीही तिथेच होतो हे ते बोलले नाहीत. ते बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

खोटं लिहायचं नाही ही त्यांची प्रतिज्ञा होती असं नाही. सरकारी नोकरीत तशी प्रतिज्ञा परवडत नाही. पण शब्दाने खोटं बोललेलं त्यांना चालत नसे. शेवटी ते उठले, पायरीवरच्या बाईच्या शेजारून माठावर गेले, हात धुऊन आले आणि कोश उघडला. इंग्रजीत ई या अक्षराचा तो भाग. बोट खाली सरकत गेलं, थांबलं. ओठ हलायला लागले. आणि मग भाऊसाहेब हसले. मी कचेरीत त्यांना हसताना पाहिलं ते एकदाच. सुतळीचा चष्मा नाकावरून घसरून पोटावर आला.

"इकडे ये," ते म्हणाले. "वाच."

मी वाचलं. झळाळणारं यश. डोळे दिपवणारी कामगिरी. लोकांची वाहवा.

"हा झाला वरचा अर्थ. रावसाहेबांचा. आता खाली मूळ बघ. शब्द फ्रेंच आहे. शेवटचा 'टी' लिहायचा, म्हणायचा नाही. एक्ला. मूळ अर्थ काय? फुटणं. ताडकन फुटून ढलप्या उडणं. फ्रेंच माणूस लाकडाच्या ढलपीला आजही एक्लाच म्हणतो. ढलपी उडताना चमकते, म्हणून पुढे चमक. चमक म्हणून यश." त्यांनी कोश माझ्याकडे सरकवला. "समारंभ मोठ्या एक्लाने पार पडला. यात कोणता शब्द खोटा आहे, सांग."

उखा कागद घ्यायला आला होता. तो म्हणाला, "बरोबर शे. बठ्ठा खाले गयात, रावसाहेब एकलाच उभा ऱ्हायना. मी पन देखं."

भाऊसाहेबांनी तो अहवाल स्वतःच्या हाताने लिहिला. एक्लामधल्या पहिल्या अक्षराच्या डोक्यावर फ्रेंच लोक एक तिरकी रेघ देतात, ती त्यांनी बारीक टाकाने इतक्या प्रेमाने दिली, जणू बाळाला तीट लावतायत. त्याच्या आधी आणखी एक वाक्य घातलं: व्यासपीठाचं सर्व लाकूड अमुक शेठ यांनी उदारपणे दिलं होतं. रावसाहेबांनी सही केली आणि कागद त्याच दुपारच्या टपालाने गेला. भाऊसाहेबांच्या टेबलावरून कागद त्याच दिवशी सुटल्याची ही पहिलीच वेळ असावी.

दोन दिवसांनी त्यांनी फौजदारीचा कागद रावसाहेबांपुढे ठेवला.

"सहीआधी एक विनंती. याची एक नक्कल नियमाप्रमाणे धुळ्याला जाते."

"जाऊ द्या."

"परवा गेलेल्या अहवालात समारंभ एक्लाने पार पडला असं आहे. या कागदात व्यासपीठ कोसळलं असं आहे. दोन्हीवर सही आपली आहे."

रावसाहेबांनी टाक खाली ठेवला. "अहवाल इतक्या लवकर गेलाच कसा? एरवी तुम्ही एकेका शब्दाला आठवडा लावता!"

"आपण तातडीने म्हणाला होता."

"शेठचं काय? ते गप्प बसायचे नाहीत."

"अहवालात त्यांचं नाव आहे. व्यासपीठाला लागलेलं सर्व लाकूड त्यांचंच होतं असं आपण साहेबांना कळवलंय. त्याची नक्कल त्यांना पाठवू."

बाहेर उखा कुणाला तरी ओरडत होता. रावसाहेब तो कागद उलटसुलट करून बघत होते, जणू पाठीमागे काही उत्तर लिहिलं असेल.

"म्हणजे सुताराला सोडा, असं तुमचं म्हणणं."

"माझं काही म्हणणं नाही," भाऊसाहेब म्हणाले. "फक्त एक शंका आहे. व्यासपीठ कोसळलंच नसेल, तर ते त्याने कसं कोसळवलं?"

रावसाहेबांनी कागद फाडला. चार तुकडे केले, मग आठ. शेठला नक्कल पोचली तेव्हा त्यांनी कंबरेला शेक घेता घेता ती तीन जणांकडून वाचून घेतली आणि एवढंच विचारलं, "नाव बराबर लिख्खं ना?" सागाची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

पंधरा दिवसांनी धुळ्याहून अहवाल परत आला. शेवटच्या वाक्याखाली कलेक्टरसाहेबांनी लाल पेन्सिलीने रेघ ओढली होती आणि समासात तीन शब्द लिहिले होते: 'सो आय हिअर.' असं ऐकतो खरं. रावसाहेबांनी तो शेरा सगळ्यांना दाखवला. साहेबांच्या कानावर आपली कीर्ती आधीच गेली होती, असा त्यांनी अर्थ लावला. एका अर्थाने तो चूक नव्हता. वर्षाच्या आत ते डेप्युटी कलेक्टर झाले. भाऊसाहेब अव्वल कारकून होते तसेच राहिले, त्याच टेबलावरून निवृत्त झाले आणि धानोऱ्याला भावाच्या शेतावर राहायला गेले. मी एकदा तिथे गेलो होतो. विहिरीच्या मोटेच्या भागांची नावं ते एका वहीत लिहून काढत होते आणि मोट हाकणारा त्यांच्या प्रश्नांना इतका कंटाळला होता, की त्याने मलाच विचारलं, "ह्यासले तुम्ही परत ली जाशात का?"

धुडकूला सोडलं त्या दिवसाचं सांगायचं राहिलं.

कोठडीतून सुटल्यावर धुडकू घरी गेला, अंघोळ केली, आणि नारळ घेऊन परत आला. बायको बरोबर होती. तो थेट रावसाहेबांच्या खोलीत गेला, नारळ त्यांच्या पायाशी ठेवला आणि डोकं टेकवलं. दार उघडं होतं. आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"तुम्हना उपकार शेतस, रावसाहेब. देवमानूस शेतस तुम्ही."

"ऊठ, ऊठ," रावसाहेब म्हणाले. "आम्ही गरिबावर अन्याय होऊ देत नाही. पुढे मात्र जपून काम कर."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी भाऊसाहेबांकडे वाकून म्हणालो, "त्याला सांगा ना! कुणी सोडवलं ते कळू द्या त्याला."

"काय सांगू?" भाऊसाहेब मान वर न करता म्हणाले. "फ्रेंच?"

धुडकू बाहेर आला तो भाऊसाहेबांच्या टेबलापाशी थांबला. पेटी न्यायची होती. मी ती टेबलाखालून ओढून त्याच्या पुढ्यात ठेवली. त्याने ती उघडून पटाशी, वाकस, किकरं हात लावून पाहिलं. मग पेटी बंद करून तो उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊसाहेब, तुम्ही माले लिखी आन सांगेल व्हतं. मी कोनाकडथीन तरी लिखी आनाले पाहिजे व्हतं. तुम्हना शब्द मी ऐका नही. चूक मन्ही शे."

कोशात एवढे शब्द होते, प्रत्येकाचं मूळ भाऊसाहेबांना पाठ होतं. त्यांनी एकदा धुडकूच्या बायकोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. शेवटी एवढंच म्हणाले, "नही रे."

मग त्यांनी एक गोष्ट केली, जी त्या कचेरीत कुणी केलेली मी पाहिली नव्हती. ते उठले, आपली स्वतःची खुर्ची टेबलामागून ओढून पुढे आणली आणि धुडकूसमोर ठेवली.

"बस," ते म्हणाले.

उखा दारात थबकला. रावसाहेब आतून बघत होते. धुडकूला काय करावं कळेना. कचेरीच्या खुर्चीवर सुताराने बसायचं म्हणजे काय, हे त्याला कळत नव्हतं. त्याने भीत भीत खुर्चीच्या पाठीला हात लावला आणि एकदम त्याचा चेहरा बदलला.

"हाई ते हालस," तो म्हणाला.

त्याने खुर्ची उलटी केली, जमिनीवर मांडी घातली, पेटी उघडली. पायाच्या सांध्यात बारीक पाचर ठोकली, दुसऱ्या पायाचा खिळा बसवला, अंगठ्याने चाचपून पाहिला. भाऊसाहेब हात बांधून शेजारी उभे होते. कचेरीचं काम थांबलं होतं आणि ते थांबलंय हे कुणाच्याच लक्षात येत नव्हतं. धुडकूने खुर्ची सरळ केली, दोन्ही हातांनी धरून जोर लावून हलवून पाहिली. ती हलली नाही. मग त्याने ती टेबलामागे नेऊन होती तिथे ठेवली आणि खांद्यावरच्या फडक्याने पुसली.

"आते बसा," तो म्हणाला.

भाऊसाहेब बसले.